ऐंशी हजारात तीन वर्षांचा अनुभव, आणि इतर पत्रं

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, नोकरी देताना-घेताना किती खरं बोलायचं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडलीयेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी वीसेक वर्षं पुण्यात माणसं भरायचं काम केलं, आधी भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी आणि मग हिंजवडीतल्या आयटीसाठी, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं खोटं जवळून बघितलंय. ओळख पटेल असे तपशील पत्रांमधून काढलेत.

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकलचा 2022 चा पासआउट. गाव लातूर जिल्ह्यात, घरी चार एकर कोरडवाहू. पुण्यात दोन वर्षांपासून रूम करून राहतोय, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला पण फ्रेशर म्हटलं की कोणी फोन पण करत नाही. आता कोर्सवाल्या सरांनीच एक कन्सल्टन्सी सांगितली, 80 हजारात तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर, सॅलरी स्लिपा, पीएफ सगळं करून देतात, व्हेरिफिकेशनचा फोन आला तर तेच उचलतात. माझ्या रूमवरचे दोघं असेच लागले आणि मजेत आहेत. वडील सोयाबीनचे पैसे द्यायला तयार आहेत, त्यांना मी कोर्सची राहिलेली फी आहे असं सांगितलंय. चूक आहे हे मला कळतं पण प्रामाणिक राहून पोट भरत नाही त्याचं काय?

अरे बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य लिहिताना तुला काय वाटलं असेल ते मला कळतंय त्यामुळे आधी तुझी बाजू घेते. एंट्री लेव्हल असं लिहून खाली दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती मी स्वतः पोस्ट केल्यात आणि आज त्याची मला लाज वाटते, कारण त्या दोन वर्षांची खरं तर कामाला काही गरज नसायची, आलेल्या हजार सीव्हींचे दोनशे करायला ती चाळणी होती. त्या चाळणीतून खाली पडलेली पोरंच या कन्सल्टन्सीवाल्यांचं गिऱ्हाईक आहेत. म्हणजे हा धंदा आमच्यासारख्यांनी उभा केलाय असं म्हटलं तरी चालेल.

पण आता ते 80 हजारात नक्की काय विकतायत ते नीट बघ. 2014 पासून पीएफला यूएएन आहे, एका माणसाला एकच नंबर, आधारला जोडलेला, कंपनी बदलली तरी तोच. सर्व्हिस हिस्ट्रीत कुठल्या कंपनीत कधी लागला कधी सोडलं ते दिसतं, आणि पासबुकात पगाराचा महिना कुठला आणि पैसे प्रत्यक्षात कधी जमा झाले हे पण दिसतं. हे लोक एक नावापुरती कंपनी काढतात आणि मागचे महिने दाखवून एकदम पैसे भरतात, मग छत्तीस महिन्यांचा पीएफ एकाच आठवड्यात जमा झालेला दिसतो. व्हेरिफिकेशन करणारी मुलगी सगळ्यात आधी तेच बघते, तिला त्यासाठी फोन लावायचीही गरज पडत नाही. मग बँक स्टेटमेंट मागतात, दर महिन्याचा पगार खात्यात कुठे आला ते दाखव म्हणतात. पगार कॅशमधे मिळायचा असं सांगितलंस तर तिथेच संपलं. शिवाय व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्स्यांकडे बोगस कंपन्यांच्या याद्या असतात आणि त्या यादीत एक नाव चढलं की त्या लेटरहेडवर लागलेली सगळी पोरं एका झटक्यात सापडतात, दोन वर्षांपूर्वी लागलेली सुद्धा.

तुझे रूमवरचे दोघं मजेत आहेत म्हणतोस, पण ते अजून सुटलेले नाहीत. बऱ्याच ठिकाणी व्हेरिफिकेशन जॉइन झाल्यावर पूर्ण होतं, कधी तीन महिन्यांनी, कधी बँकेच्या प्रोजेक्टवर टाकायचं असेल तर क्लायंट परत नव्याने करून घेतो, आणि मंदी आली माणसं कमी करायची वेळ आली की जुन्या फायली पुन्हा उघडतात. मी एकाला असं काढलंय. आठ महिने झाले होते, काम चांगलं करत होता, त्याची टीम लीड माझ्यासमोर रडली. पण ऑफर लेटरवर सही करतानाच लिहून दिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. त्याला रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही, ते आठ महिने पण सीव्हीवर दाखवता येईनात कारण कोणी विचारलं तर कारण कळणार. म्हणजे त्याचा खरा अनुभवही त्या खोट्या अनुभवाने खाल्ला. तो दिवस मी विसरलेले नाही आणि विसरणार पण नाही. त्यात कायदा आहेच, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318, बनावट कागद करण्याचं 336 आणि तो खरा म्हणून वापरण्याचं 340. वापरणारा तू असशील, ते नाही. ते पैसे घेऊन फोन नंबर बदलतील.

मग करायचं काय, हा तुझा खरा प्रश्न. तू मेकॅनिकलचा आहेस आणि चाकण, तळेगाव, रांजणगाव तुझ्या रूमपासून तासा-दीड तासावर आहेत. अप्रेंटिसशिप कायदा 1961 चा आहे, त्याखाली डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारची नॅट्स नावाची योजना आहे, आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. एक वर्ष, स्टायपेंड मिळतो, शेवटी सरकारी सर्टिफिकेट. तू 2022 चा आहेस त्यामुळे पोर्टलवर तुझी मुदत आजच तपास, उशीर नको. आणि हे लक्षात घे, ज्याच्याकडे आधीच वर्षभराचा अनुभव आहे त्याला ती घेता येत नाही, म्हणजे खोटी तीन वर्षं विकत घेतलीस तर खरं एक वर्ष मिळवायचा रस्ता स्वतःच बंद करशील. टेस्टिंगमधेच जायचं असेल तर मेकॅनिकल आणि टेस्टिंग दोन्ही लागतं अशी कामं शोध, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं टेस्टिंग पुण्यात होतं, तिथे तुझी डिग्री वाया जात नाही. सीव्हीवर गॅप लपवू नको, एका ओळीत लिही की या काळात हा कोर्स केला, हे दोन प्रोजेक्ट स्वतः केले, घरच्या शेतीला हातभार लावला. शेतीचं लिहायला पोरं लाजतात. मी इंटरव्यू घेताना गॅपपेक्षा गॅपबद्दल अडखळणारा माणूस जास्त बघितलाय.

आणि वडलांना आज फोन कर. पैसे कोर्सला लागत नाहीत एवढं तरी सांग.

प्रश्न: मॅडम, मी नवी मुंबईत एका स्टाफिंग एजन्सीत रिक्रूटर आहे, दीड वर्ष झालं. रोजच्या 60 कॉलचं टार्गेट. आमच्याकडे पोझिशन नसताना पण जाहिरात टाकायला लावतात, डेटाबेस वाढतो म्हणून. आणि कॅन्डिडेटला कंपनीचं मोठं नाव सांगायचं, थर्ड पार्टी पेरोल आहे, म्हणजे काम त्या कंपनीत पण पगार आमच्या एजन्सीकडून, हे ऑफर लेटर येईपर्यंत सांगायचं नाही, विचारलं तर सहा महिन्यात पर्मनंट होईल म्हणायचं. मागच्या महिन्यात एका मुलाने त्यासाठी चांगली नोकरी सोडली आणि आता मला रोज मेसेज करतो. टीम लीड म्हणते एवढं मनाला लावून घेतलं तर या लाइनमधे टिकणार नाहीस. खरंच असं आहे का?

नाही. असं नाहीये, आणि तुझी टीम लीड स्वतः किती वर्षं टिकलीय ते मला माहीत नाही पण मी बावीस वर्षं टिकले आणि सुरुवातीची दोन-तीन सोडली तर बाकीची हे न करता टिकले.

ती सुरुवातीची सांगते. एका कॉल सेंटरसाठी भरती होती, शिफ्ट रोटेशनल, म्हणजे खरं तर रात्रीचीच. चिंचवडची एक बाई आली होती, तिला लहान मूल, तिने मला दोनदा विचारलं, दिवसाचीच आहे ना? मी म्हटलं हो, बहुतेक दिवसाचीच. त्या बहुतेक शब्दाच्या मागे मी लपले. ती आधीची शाळेतली क्लार्कची नोकरी सोडून आली, पंधराव्या दिवशी रात्रपाळी लागली, तिला जमेना, तिने सोडलं, शाळेत तोपर्यंत दुसरं कोणी घेतलेलं. मला तेव्हा प्लेसमेंटचा इन्सेन्टिव्ह मिळाला होता. किती ते आता आठवत पण नाही, तिचा चेहरा आठवतो. तुझ्याकडे तो मुलगा रोज मेसेज करतोय ना, त्याला ब्लॉक करू नको. त्याला फोन कर, माझ्याकडून तुला अर्धवट माहिती दिली गेली असं स्पष्ट सांग, आणि त्याच्यासाठी दुसरीकडे खरंच लाइन-अप कर. त्याच्या जुन्या कंपनीत परत घेतात का हे पण त्याला विचारायला सांग, चांगल्या माणसाला परत घेतात, लोक विचारायलाच लाजतात.

आता थर्ड पार्टी पेरोल. त्यात स्वतःहून वाईट काही नाही, लाखो लोक त्यावर काम करतात आणि काही जण खरंच पुढे पर्मनंट होतात. वाईट आहे ते लपवणं, कारण पगार कोण देणार, पीएफ कोण भरणार, प्रोजेक्ट संपला तर कोणाच्या दारात जायचं, रजा आणि मेडिक्लेम कोणाचा, हे सगळं त्या एका गोष्टीवर अवलंबून असतं आणि त्या माणसाला घरी बायकोशी बोलून ठरवायचं असतं. तू पहिल्याच कॉलमधे सांगायला लाग. नोकरी अमुक कंपनीच्या ऑफिसात, पेरोल आमचा, कॉन्ट्रॅक्ट इतक्या महिन्यांचं, पर्मनंटची गॅरंटी नाही, मागच्या वर्षी आमच्या इतक्यांपैकी इतके झाले. तो शेवटचा आकडा तुझ्याकडे नसेल तर टीम लीडकडे माग. त्यांनी दिला नाही तर सहा महिन्यांचं वाक्य बोलायचं बंद कर. काही जण फोन ठेवतील. पण जे थांबतील ते जॉइन होतील, आणि जॉइन होऊन टिकतील, एजन्सीचं बिल तर त्यावरच असतं, नव्वद दिवसांच्या आत माणूस सोडून गेला तर फुकट रिप्लेसमेंट द्यावी लागते हे तुझ्या एजन्सीच्या मालकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन महिन्यांचा स्वतःचा हिशेब एका वहीत ठेव, किती कॉल, किती जॉइन, किती टिकले, आणि तो टीम लीडपुढे ठेव. भावनेचं बोललीस तर ती ऐकणार नाही, टिकलेल्या माणसांचा आकडा ऐकेल.

नसलेल्या जागेच्या जाहिरातीचं मात्र मी काहीच मधलं सांगू शकत नाही. त्याला नकार दे. कोणीतरी डोंबिवलीहून गर्दीची लोकल पकडून, शर्टाला इस्त्री करून, असलेल्या नोकरीत खोटी सिक लीव्ह टाकून त्या जागेसाठी येतो जी जागाच नाहीये. डेटाबेस वाढवायचा असेल तर सरळ लिहायचं की सध्या जागा नाही, पुढे निघाली तर कळवू, सीव्ही पाठवा. लोक तरीही पाठवतात, मी करून बघितलंय. आणि तुला यासाठी काढलं तर मला लिही.

प्रश्न: माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. एक ऑफर स्वीकारली, आता त्याच काळात दुसरी 40 टक्के जास्तीची आलीय. जॉइनिंग पुढच्या सोमवारी. मित्र म्हणतात सोमवारी फोन स्विच ऑफ ठेव, सगळे असंच करतात, कंपन्या पण करतातच की. शिवाय जुन्या कंपनीत बाँड आहे, दोन वर्षांच्या आत सोडलं तर एक लाख. तो कायद्यात चालतो का?

कंपन्या पण करतात हे खरं आहे, मी ते नाकारणार नाही. फेब्रुवारी 2023 मधे विप्रोने साडेसहा लाखाची ऑफर दिलेल्या, महिनोन् महिने जॉइनिंगची वाट बघणाऱ्या फ्रेशर पोरांना साडेतीन लाखावर येता का असं विचारलं होतं, त्यावर देशभर बोललं गेलं. त्या पोरांपैकी किती जणांनी त्या ऑफरच्या भरवशावर बाकीचं सोडलं असेल. तेव्हा कंपनीला दिलेला शब्द म्हणजे देवाची शपथ असं मी म्हणणार नाही.

तरी फोन स्विच ऑफ ठेवू नका. सोमवारी तुमची वाट बघणारी कंपनी नसते हो, एक माणूस असतो, ज्याने तुमच्यासाठी लॅपटॉप मागवलाय, आणि दुसरा एक कॅन्डिडेट असतो ज्याला तुम्ही येताय म्हणून तीन महिन्यांपूर्वी नाही सांगितलंय. आज, म्हणजे हे वाचताय त्याच दिवशी, फोन करा आणि येत नाही असं सांगा, मागोमाग मेल टाका. सुरुवातीला चिडतील. कारण खरं सांगा, पैसे जास्त मिळतायत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांनी तेवढेच देऊ केले तर लगेच हो म्हणू नका, आधी विचार करा की आधीच का नाही दिले. नव्वद दिवसांची नोटीस ठेवणाऱ्या कंपन्यांनीच हा बाजार तयार केलाय, तीन महिने माणूस रिकामा बसून ऑफरी गोळा करणार नाही तर काय करणार, आणि मला वाटतं तीस दिवसांची नोटीस केली तर निम्मी ड्रॉप आउट तिथल्या तिथे थांबतील. पण ते तुमच्या हातात नाही, फोन तुमच्या हातात आहे.

बाँडचं थोडक्यात. भारतीय करार कायदा 1872, कलम 27, माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. त्यामुळे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जाऊ नको असं सहसा कोणी बांधू शकत नाही. पण नोकरीत असतानाची किमान मुदत आणि त्याआधी सोडलं तर ठरलेली रक्कम, हे वेगळं. मे 2025 मधे सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षं आणि दोन लाखाचा असा बाँड वैध धरला, सरकारी बँकेला भरतीची लांबलचक प्रक्रिया परत करावी लागते हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका, आणि एक लाख म्हणजे एक लाख द्यावेच लागतील असंही नाही, कंपनीने तुमच्यावर खरंच काय खर्च केला हा मुद्दा राहतो. वकिलाला एकदा कागद दाखवा. आणि सगळ्या वाचकांसाठी, बाँडसाठी ओरिजिनल मार्कशीट कोणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा, परत घ्या.

प्रश्न: मी 29 वर्षांची, क्वालिटी इंजिनिअर. चाकणच्या एका कंपनीत तिसऱ्या राउंडला साहेबांनी विचारलं, लग्न झालंय, मूल नाही, मग प्लॅनिंग काय? मी गप्प बसले. मग सांगितलं सध्या विचार नाही. खरं तर आम्ही या वर्षीच विचार करतोय. मी खोटं बोलले का? ऑफर आली आणि नंतर कळलं तर?

तुम्ही चुकीच्या प्रश्नापासून स्वतःला वाचवलंत. सीव्हीतल्या खोट्या अनुभवाच्या शेजारी हे नेऊन ठेवू नका, कारण तो अनुभव कामाशी संबंधित आहे आणि हे नाही. बाईला घेताना बाई म्हणून डावलायचं नाही हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झाले त्यातल्या वेतन संहितेतही भरतीतला भेदभाव मना आहे. 2017 पासून बाळंतपणाची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, फार चांगली गोष्ट झाली, पण तिचा सगळा भार मालकावर ठेवला आणि त्यामुळे काही साहेब लोक हा प्रश्न आता रजेचा हिशेब मनात धरून विचारतात. तामिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना जोडणीच्या कामावर घेत नाहीत अशी रॉयटर्सची बातमी 2024 मधे आली होती, कंपनीने ते नाकारलं, केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागवला. म्हणजे हा तुमच्या एकटीचा अनुभव नाहीये.

मी स्वतः पॅनेलवर असताना एका प्लँट हेडने माझ्यासमोर हा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला तिथेच थांबवलं नाही, बाहेर आल्यावर बोलले. तिथेच थांबवायला पाहिजे होतं. जे कोणी एचआर हे वाचतायत त्यांना सांगते, मुलगी समोर असतानाच म्हणा की हा प्रश्न आपण घेत नाही, पुढे चला. नंतर केबिनमधे बोलून त्या मुलीला काही उपयोग नसतो.

पुढच्या वेळी कोणी विचारलंच तर असं म्हणता येईल, साहेब, या कामाला शिफ्ट आणि प्रवास किती आहे ते सांगा, मला जमेल की नाही ते मी खरं सांगते. खरं बोलायची जबाबदारी तुमच्यावर एवढीच आहे. ऑफर आली तर मोकळ्या मनाने घ्या. फक्त एक व्यवहाराची गोष्ट, भरपगारी रजेसाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं लागतं, ते लक्षात ठेवा.

प्रश्न: आधीचा पगार विचारतात तेव्हा थोडा वाढवून सांगितला तर चालतो का? सगळे सांगतात.

नाही चालत, कारण मागच्या तीन सॅलरी स्लिपा मागतातच आणि फॉर्म 16, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेल्या टॅक्सचा दाखला, असतो. पण पगार सांगायलाच हवा असंही नाही. मला विचाराल तर आधीचा पगार विचारणंच बरोबर नाही, ज्याला एकदा कमी मिळाला त्याला जन्मभर कमीच मिळत राहतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 2016 मधेच हा प्रश्न विचारायला बंदी करणारा कायदा केला, कॅलिफोर्नियात 2018 पासून बंदी आहे, न्यूयॉर्क शहरात 2022 पासून जाहिरातीतच पगार लिहावा लागतो. आपल्याकडे असं काही नाही. तुम्ही म्हणा, माझी अपेक्षा इतकी आहे, तुमचं बजेट काय आहे? हट्टच धरला तर खरा आकडा सांगा आणि लगेच वाढ का हवी ते सांगा. आणि ऑफर आली की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघून खूश होऊ नका, हातात किती येणार, व्हेरिएबल किती, मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलीय का, हे लेखी मागा.

प्रश्न: नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातून लिहितोय. मुलगा बी.कॉम. आहे. एका एजंटने दोन पर्याय सांगितलेत, पुण्याच्या मोठ्या कंपनीत आतून सेटिंग, दीड लाख, किंवा थायलंडला डेटा एन्ट्री, महिना 70 हजार, टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि तिथे गेल्यावर वर्क व्हिसा होतो. पैसे अर्धे आधी. एजंट नात्यातलाच आहे. काय करावं?

दादा, दोन्ही नको. आणि थायलंडचं तर कोणत्याही परिस्थितीत नको, ते आधी सांगते.

टुरिस्ट व्हिसावर नोकरीला नेणारा माणूस खोटं बोलतोय, याला अपवाद नाही. थायलंडच्या नावाने नेतात आणि सीमा ओलांडून म्यानमारमधे म्यावाडीच्या भागात कोंडून ठेवतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन लोकांना फसवायचं काम करायला लावतात, नाही केलं तर मारहाण. कंबोडियात पण तेच. मार्च 2025 मधे आपल्या सरकारने वायुसेनेची विमानं पाठवून दोन दिवसांत पाचशेहून जास्त भारतीयांना तिथून परत आणलं. हे सगळे डेटा एन्ट्री, कस्टमर सपोर्ट असंच ऐकून गेलेले होते आणि त्यातल्या कित्येकांचा एजंट ओळखीचाच होता.

परदेशी पाठवायचंच असेल तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटकडे सरकारी नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर सापडला पाहिजे, सबएजंट, भाचा, ओळखीचा असलं काही चालत नाही. नोंदणी असलेला एजंटसुद्धा उमेदवाराकडून 30 हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि पावती द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1997 चा करार तर म्हणतो की नोकरी शोधणाऱ्याकडून फी घ्यायचीच नाही, माणूस ज्याला पाहिजे त्याने पैसे द्यावेत. माझंही तेच मत आहे.

आता पुण्याच्या सेटिंगचं. आतून काही होत नाही असं मी म्हणणार नाही. 2023 मधे टीसीएसमधे माणसं पुरवणाऱ्या व्हेंडरांकडून आतल्या लोकांनी फायदा घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं, कंपनीने चौकशी केली आणि ऑक्टोबरमधे सांगितलं की 19 जणांवर कारवाई झाली, त्यातल्या 16 जणांना काढलं आणि सहा व्हेंडर बंद केले. पण ते व्हेंडर आणि अधिकारी यांच्यातलं होतं. तुमच्या एजंटसारखी माणसं बहुतेक वेळा आत कोणालाच ओळखत नाहीत. त्यांचा हिशेब असा असतो, दहा जणांकडून अर्धे पैसे घ्यायचे, दहाही जणांनी सरळ ऑनलाइन अर्ज केलेला असतो, त्यातले दोघं स्वतःच्या गुणांवर लागतात, त्या दोघांचं श्रेय आपण घ्यायचं, आणि आठ जणांना पुढच्या बॅचला बघू म्हणून दोन वर्षं फिरवायचं. पैसे मागायला गेलात तर नातं मधे येतं. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे आमच्या नावाने पैसे घेणारा कोणी ना कोणी बाहेर फिरत असायचा, आम्हाला पत्ताही नसायचा, आणि मग एक दिवस गेटवर एखादे वडील बनावट ऑफर लेटर घेऊन उभे राहायचे, सोबत मुलगा नवीन बूट घालून. सिक्युरिटीचा फोन आला की मी खाली जायचे. त्यांना ते खोटं आहे हे सांगायचं काम माझं असायचं.

तुमच्या मुलाला बी.कॉम.वर करण्यासारखं बरंच आहे. टॅली आणि जीएसटी रिटर्न भरायला नीट शिकला तर जळगावातच सीएच्या ऑफिसात, दाल मिलमधे, चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यात अकाउंटला माणूस लागतो, पगार सुरुवातीला कमी असेल. मोठ्या कंपन्यांचे अर्ज त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फुकट भरता येतात, आणि ऑफर लेटर आलंच तर ज्या मेल आयडीवरून आलं त्यात @ च्या पुढे कंपनीचं स्वतःचं नाव आहे की साधं जीमेल आहे तेवढं तरी बघा. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे, युनिफॉर्मचे पैसे असं काही मागितलं की तिथेच थांबा.

काही पैसे आधीच दिले असतील तर ते पत्रात लिहिलेलं नाही पण मला शंका आहे. दिले असतील तर व्हॉट्सॲप चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नात्यातला आहे म्हणून डिलीट करू नका, आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुलाचा पासपोर्ट त्याच्याकडे दिला असेल तर आजच्या आज परत आणा.